लोककलेच्या पथकाने क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्राचे साहाय्य कसे मिळवावे

गोंधळी, तारपा वाजवणारे वारली कलावंत, दशावतारी मंडळी किंवा झाडीपट्टीतील दंडारीचा संच यांना सरकारकडून काय मिळू शकते, असे विचारले की बहुतेकांना राज्य सरकारचे ज्येष्ठ कलावंतांचे मानधन तेवढे आठवते. ते मानधन महत्त्वाचे आहेच. परंतु ते कलावंताच्या उतारवयासाठी आहे, कलेच्या पुढच्या पिढीसाठी नाही. पुढच्या पिढीसाठी ज्यांच्याकडे जाता येते, त्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची माहिती गावपातळीवर फार कमी पोहोचलेली आहे. पथकाचा प्रमुख, गावातील शिक्षक किंवा एखाद्या स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता यांना प्रत्यक्ष अर्ज करताना उपयोग व्हावा, या हेतूने ही माहिती क्रमाने मांडली आहे.

केंद्र सरकारने १९८५-८६ च्या सुमारास देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन केली. ती पतियाळा, कोलकाता, तंजावर, उदयपूर, प्रयागराज, दिमापूर आणि नागपूर येथे आहेत. प्रत्येक केंद्र ही नोंदणीकृत स्वायत्त संस्था असून केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि सदस्य राज्ये मिळून ती चालवतात. नियामक मंडळाचे अध्यक्षपद राज्यपालांकडे असते: नागपूर केंद्रासाठी महाराष्ट्राचे राज्यपाल, उदयपूर केंद्रासाठी राजस्थानचे. कोणते कार्यक्रम कधी घ्यायचे, हे कार्यक्रम समितीत ठरते आणि त्या ठरावांप्रमाणे वर्षाचा आराखडा तयार होतो. अर्जदाराच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आराखडा तयार झाल्यानंतर, म्हणजे आर्थिक वर्ष निम्मे सरल्यावर पोहोचलेला चांगला प्रस्तावसुद्धा पुढील वर्षावर ढकलला जाण्याची शक्यता अधिक असते. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठीचा प्रस्ताव आधीच्या दिवाळीच्या आसपास पोहोचला, तर तो विचारात घेण्यास पुरेसा अवधी मिळतो.

कोणत्या केंद्राकडे जावे

महाराष्ट्र एकाच वेळी दोन केंद्रांचा सदस्य आहे. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा ही राज्ये येतात. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये, तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा प्रदेश येतो. त्यामुळे महाराष्ट्रातील पथकाला दोन्ही दारे उघडी आहेत. गोव्यातील मराठी कलावंतांसाठी उदयपूर हे केंद्र आहे, तर बेळगाव-बिदरकडील मराठी कलावंतांसाठी नागपूर आणि तंजावर ही दोन्ही केंद्रे आहेत, कारण कर्नाटक तंजावरच्या दक्षिण क्षेत्र केंद्राचाही सदस्य आहे.

केवळ अंतर पाहून केंद्र निवडू नये. आपल्या कलेचे नातलग कोठे आहेत, हे पाहून निवड करावी. तारपा पालघर जिल्ह्यात वाजतो तसाच शेजारच्या दादरा-नगर हवेलीतही वाजतो. म्हणून उदयपूर केंद्राकडे तारप्याचा प्रस्ताव गेला, तर तो दोन सदस्य प्रदेशांच्या सामायिक कलेचा प्रस्ताव ठरतो. सिंधुदुर्गातील दशावतार आणि गोव्यातील दशावतार यांच्याबाबत हेच म्हणता येईल. उलट भंडारा-गोंदियातील खडी गंमत, गडचिरोली-चंद्रपूरकडील दंडार, किंवा मेळघाटातील कोरकूंची नृत्ये यांची नाती मध्य प्रदेश आणि छत्तीसगडकडे जातात, त्यामुळे तेथे नागपूर केंद्र अधिक योग्य होय. दोन्ही केंद्रांकडे कलावंत म्हणून नाव नोंदवण्यास हरकत नाही. मात्र एकाच काळासाठीचा तोच प्रशिक्षणाचा प्रस्ताव दोन ठिकाणी पाठवायचा असेल, तर तसे दोन्ही अर्जांत स्पष्ट लिहावे.

केंद्र काय देते आणि काय देत नाही

केंद्राचे सर्वांना दिसणारे काम म्हणजे महोत्सव. राष्ट्रीय सांस्कृतिक आदानप्रदान कार्यक्रमाखाली एका क्षेत्रातील पथके दुसऱ्या क्षेत्रात जातात, तिकडची इकडे येतात. उदयपूरजवळील हवाला गावच्या शिल्पग्रामात दरवर्षी २१ ते ३० डिसेंबर या काळात मोठा उत्सव भरतो; नागपूर केंद्राच्या आवारात हिवाळ्यात हस्तकलांचा मेळा आणि लोकनृत्यांचे कार्यक्रम होतात. अशा कार्यक्रमासाठी निवडलेल्या पथकाला मानधन मिळते आणि प्रवास, निवास व भोजन यांची सोय केली जाते. कारागिरांना मेळ्यात बसून माल विकता येतो आणि काम करून दाखवता येते.

महोत्सवाव्यतिरिक्त तीन-चार योजना आहेत. तरुण गुणवंत कलावंतांना रोख पुरस्कार दिला जातो. मंत्रालयाने जाहीर केलेली त्याची रक्कम प्रत्येकी १०,००० रुपये होती. नाट्यसंस्थांच्या प्रयोगांसाठी प्रवास आणि दैनिक भत्ता सोडून प्रत्येक प्रयोगामागे ३०,००० रुपये असा दर जाहीर झालेला होता. लुप्त होत चाललेल्या कलांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवण्याची स्वतंत्र योजना आहे. आणि चौथी, माझ्या मते सर्वांत मोलाची, गुरु-शिष्य परंपरा योजना.

केंद्राकडे जे मिळत नाही त्यासाठी तेथे हेलपाटे घालू नयेत. दरमहा मिळणारे ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांचे मानधन हा राज्य शासनाचा विषय आहे. २०२४ पासून ती योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते, तिची रक्कम सरसकट ५,००० रुपये करण्यात आली आहे आणि निवड जिल्हा पातळीवरील समितीमार्फत होते. पुस्तक छापायचे असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे जावे, आणि सभागृह बांधायचे असेल तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या वेगळ्या योजना पाहाव्यात.

मंचाआधी शिकवणी मागावी

बहुतेक पथके केंद्राकडे जाताना महोत्सवात कार्यक्रम मिळावा, एवढेच मागतात. मंचाचा मान मोठा असतो, दूरचे राज्य पाहायला मिळते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. हे सारे खरे आहे. परंतु चार दिवसांचा महोत्सव संपल्यावर कलेच्या हाती काय उरते, हा प्रश्न पथकाने स्वतःला विचारला पाहिजे. ज्या गावात संबळ वाजवणारा एकच वृद्ध कलावंत उरला आहे, तेथे त्याला दहा वेळा परराज्यात नेण्यापेक्षा त्याच्यासमोर चार मुले सहा महिने बसवणे अधिक निकडीचे आहे. म्हणून माझा आग्रह असा, की पहिला प्रस्ताव गुरु-शिष्य परंपरेचा असावा आणि महोत्सवाची विनंती त्यानंतर यावी.

या योजनेत दुर्मीळ आणि लोप पावत चाललेल्या कलांसाठी जाणकार गुरू निवडला जातो आणि त्याच्याकडे सहा महिने ते एक वर्ष शिकवणी चालते. मंत्रालयाने जाहीर केलेल्या दरांप्रमाणे गुरूला दरमहा ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० रुपये आणि प्रत्येक शिष्याला १,५०० रुपये मिळतात. उदाहरणादाखल गुरू, एक साथीदार आणि चार शिष्य असा वर्ग धरला, तर महिन्याला १७,२५० रुपये आणि सहा महिन्यांचे १,०३,५०० रुपये होतात. दर वेळोवेळी बदलू शकतात, त्यामुळे अर्जाच्या वेळी चालू दर केंद्राकडून विचारून घ्यावेत. ही रक्कम कोणाचे घर चालवण्याइतकी नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु शिकायला येणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी काही अंशी भरून निघते आणि गुरूला आपल्या विद्येची दखल घेतली गेल्याचे समाधान मिळते. गावाच्या नजरेत त्या विद्येचे मोलही वाढते, आणि तेही कमी महत्त्वाचे नाही.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी: या योजनेसाठी गुरूंच्या नावाची शिफारस राज्याच्या सांस्कृतिक विभागाकडून व्हावी लागते. त्यामुळे प्रस्तावाची एक प्रत मुंबईच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे शिफारशीच्या विनंतीसह अवश्य पाठवावी आणि तेथील पोहोच केंद्राकडे पाठवायच्या अर्जाला जोडावी. अनेक चांगले प्रस्ताव केवळ या एका दुव्याअभावी अडून राहतात.

शिकवणीचा आराखडा कलेच्या ऋतुमानाप्रमाणे आखावा. तारप्याचेच उदाहरण घेऊ. वाळलेल्या दुधी भोपळ्याचे पोकळ अंग, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, असे हे वाद्य असते. श्वास मध्येच न तोडता ते सलग वाजवावे लागते आणि त्याच्या भोवती नाचणारे संपूर्ण रिंगण वादकाच्या सुरांवर वळते. आता एखाद्याने प्रस्तावात केवळ ‘सहा महिने तारपावादन शिकवणे’ असे लिहिले, तर समितीला त्यातून काहीच कळणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: पावसाळ्यानंतर भोपळे निवडणे व वाळवणे, बांबू तोडून नळ्या तयार करणे आणि त्यांत सूर काढणारी जिभाळी बसवणे यांत पहिले दोन महिने जातील, त्याच काळात शिष्यांना श्वास सांभाळण्याचा सराव रोज दिला जाईल, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रत्येक शिष्य स्वतः तयार केलेल्या तारप्यावर मूळ चाली बसवेल, शेवटचे दोन महिने प्रत्यक्ष नाचाच्या रिंगणासोबत वाजवणे होईल. शिकवणी कोठे होणार, आठवड्याचे कोणते वार, कोणती वेळ, भातकापणीच्या दिवसांत सुटी किती, हेही लिहावे. शेतीची कामे लपवून ठेवण्याचे कारण नाही. कापणीच्या ऐन हंगामात रोज तीन तास वर्ग चालेल, असे लिहिलेला आराखडा जाणकाराला खोटा वाटतो.

शिष्यांची निवड करताना गुरूच्या घरातीलच सगळी मुले घेण्याचा मोह होतो. घराणे टिकले पाहिजे, हे खरे. तरी निदान एक-दोन शिष्य घराबाहेरचे असावेत, आणि ज्या कलेत मुलींना आजवर वाद्याला हात लावू दिला गेला नाही, तेथे गुरूची तयारी असल्यास एखादी मुलगी अवश्य घ्यावी. ही सक्ती कोणी केलेली नाही, परंतु कला टिकण्याच्या दृष्टीने मला ती आवश्यक वाटते.

कागदपत्रे आणि चित्रफीत

पथकाने एक धारिका कायम तयार ठेवावी. तिच्यात प्रत्येक कलावंताचे नाव आधार कार्डावर आहे त्याच अक्षरांत लिहिलेले असावे, सोबत वय, गाव, पथकातील काम, पॅन आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत असावी. मानधन बँकेत जमा होते आणि नावातील एका अक्षराच्या फरकानेही ते परत जाऊ शकते, म्हणून ‘रामा’ आणि ‘रामचंद्र’ यांचा घोळ अर्जापूर्वीच मिटवावा. ज्या ज्येष्ठ कलावंतांची खाती व्यवहार न झाल्याने बंद पडली आहेत, ती आधी सुरू करून घ्यावीत. पथक नोंदणीकृत संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, घटना, लेखापरीक्षित हिशेब आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी क्रमांक हेही ठेवावे. संस्था नसेल तर घाईघाईने स्थापन करण्याची गरज नाही, कारण शिकवणी आणि महोत्सव या दोन्हींसाठी कलावंत आणि पथकप्रमुख या नात्याने अर्ज करता येतो.

कलेची ओळख एका पानात लिहावी. कला कोणत्या समाजाची, कोणत्या सणाला किंवा विधीला सादर होते, वाद्ये कोणती, कलावंत किती, संपूर्ण सादरीकरणाला किती वेळ लागतो आणि आज तालुक्यात ती जाणणारे किती जण उरले आहेत, एवढे पुरेसे आहे. ‘प्राचीन काळापासून चालत आलेली महान परंपरा’ यासारख्या वाक्यांनी समितीला काहीही कळत नाही. ‘आमच्या गावात हे आख्यान संपूर्ण येणारे दोघेच आहेत आणि दोघेही सत्तरीपुढचे आहेत’ या एका वाक्याने सर्व कळते, अर्थात ते खरे असेल तर. अर्ज मराठीत लिहिला तरी हिंदी किंवा इंग्रजी प्रत सोबत द्यावी, कारण समितीवर अनेक राज्यांचे सदस्य असतात.

अर्जाचा मुख्य परिच्छेद साधारण असा असावा: ‘आमच्या तालुक्यात तारपा बनवण्याची व वाजवण्याची विद्या जाणणारे मोजकेच ज्येष्ठ कलावंत आहेत. त्यांपैकी एकाच्या मार्गदर्शनाखाली चार शिष्यांना सहा महिने प्रशिक्षण द्यावे, यासाठी गुरु-शिष्य परंपरा योजनेखाली विचार व्हावा, ही विनंती. शिकवणीचा महिनावार आराखडा, गुरूंचा परिचय, शिष्यांची यादी, चित्रफीत आणि राज्य सांस्कृतिक विभागाकडे केलेल्या विनंतीची पोहोच सोबत जोडली आहे.’

चित्रफितीसाठी महागड्या कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. मोबाइल तिकाटण्यावर आडवा ठेवून, दिवसाच्या उजेडात, पाच ते सात मिनिटांचे सलग चित्रण करावे. वरून वेगळे संगीत घालू नये, तुकडे जोडू नयेत, ध्वनिवर्धकाचा कर्कश आवाज टाळावा. सर्व कलावंत आणि त्यांचे हात दिसले पाहिजेत, कारण जाणकार माणूस संबळावरची काठी कशी पडते, हे पाहूनच निर्णय करतो. पोशाख नेहमीचा असावा. महोत्सवासाठी म्हणून चकचकीत साटीनचे झगे शिवून घेणारी पथके मूळ कलेची ओळखच पुसून टाकतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

रात्रभराचा खेळ दहा मिनिटांत

महोत्सवात बहुधा दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. गोंधळ रात्रभराचा असतो: चौक भरून देवीची मांडणी, दिवटी पाजळणे, गण, मग ठिकठिकाणच्या देवदेवतांना ‘गोंधळाला या’ अशी साद, त्यानंतर आख्यान आणि शेवटी आरती. हा सर्व क्रम दहा मिनिटांत कोंबण्याचा प्रयत्न केला, तर कशालाच न्याय मिळत नाही. आवाहन आणि संबळाची जुगलबंदी एवढाच भाग घेऊन तो नेहमीच्या लयीत सादर करणे चांगले. आख्यानाचा भाग परभाषक श्रोत्यांना कळणार नाही, या भीतीने पूर्ण गाळू नये. दोन मिनिटांचा संवाद ठेवून त्याचा सारांश निवेदकाकडे हिंदीत लिहून द्यावा. जो विधी मंचावर करणे घरातील ज्येष्ठांना योग्य वाटत नाही, तो करू नये आणि आयोजकांना तसे आधीच स्पष्ट सांगावे. दिवटीसारखी पेटती वस्तू मंचावर न्यायची असेल, तर त्याचीही पूर्वकल्पना द्यावी.

निमंत्रण आले की पाच गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: मानधनाचा दर, प्रवासभाड्याचा वर्ग, निवासाचे ठिकाण, सादरीकरणाची वेळ आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार. सर्व रक्कम पथकप्रमुखाच्या खात्यात येणार असेल, तर प्रत्येकाचा वाटा निघण्यापूर्वीच कागदावर ठरवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कार्यक्रम मिळवून देतो असे सांगून मानधनातील हिस्सा मागणारे मध्यस्थ या क्षेत्रात भेटतात. अर्ज स्वतः करता येत असताना त्यांना एक रुपयाही देऊ नये.

मंजुरीनंतर

शिकवणी मंजूर झाली की हजेरीपट पहिल्या दिवसापासून ठेवावा. त्यावर तारीख, काय शिकवले याची एक ओळ आणि सर्वांच्या सह्या असाव्यात. दर महिन्याला काही छायाचित्रे आणि एक छोटी चित्रफीत जपावी, कारण हप्ता मागताना आणि शेवटचा अहवाल देताना हेच पुरावे लागतात. एखादा शिष्य मध्येच शहरात कामाला गेला, तर ते न लपवता केंद्राला त्याच आठवड्यात कळवावे आणि बदली नावाची परवानगी मागावी. वर्गाच्या शेवटी गावातच, जत्रेच्या किंवा सणाच्या दिवशी, शिष्यांचे सादरीकरण ठेवून केंद्राच्या अधिकाऱ्यांना निमंत्रण द्यावे. त्यांनी शिष्यांना प्रत्यक्ष ऐकले, तर पुढच्या वर्षी त्याच पथकासाठी महोत्सवाची किंवा ध्वनिचित्रमुद्रणाची विनंती करणे पुष्कळ सोपे होते.

ध्वनिचित्रमुद्रणाची वेळ आली, तर त्याची एक प्रत पथकाला आणि एक प्रत गावच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला मिळावी, अशी मागणी आधीच लेखी करावी. आपल्याच आजोबांचे गाणे ऐकायला नातवाला दुसऱ्या राज्यातील कार्यालयात अर्ज करावा लागू नये.

अर्जाचे काहीच कळले नाही, तर महिन्या-दोन महिन्यांनी पोहोचपावतीचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर ही केंद्रे सार्वजनिक निधीवर चालत असल्याने माहितीच्या अधिकाराखाली अर्जाची सद्यःस्थिती, निवडीचे निकष आणि त्या वर्षी निवडलेल्या गुरूंची यादी मागता येते. त्या यादीत आपल्या जिल्ह्यातील कोणत्या कला आहेत आणि कोणत्या अद्याप आलेल्याच नाहीत, हे पाहून पुढील वर्षाचा प्रस्ताव नव्याने लिहावा.